झोप येईपर्यंत मनाला काय काम द्यायचं?

दिवा मालवून पाठ टेकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मनात काय काय येऊन गेलं, हे काल रात्रीचं आठवून पाहा. करायचा राहिलेला एखादा फोन. दुपारच्या वादात गप्प बसलो तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर. शाळेतली एखादी फजिती, जी तिथे हजर असलेले बाकीचे केव्हाच विसरून गेले असतील. दाराला कडी घातली का? मघाशी छातीत जरा चमकलं, ते काय होतं? आणि बरीच रात्र झाली की या सगळ्यांना मागे सारून एकच विचार उरतो: मला अजून झोप का लागत नाही?

‘काही विचार करू नकोस, मन रिकामं कर’ हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो सल्ला मला पटत नाही. ज्यांना छान झोप लागते तीही माणसं विचार करता करताच झोपतात. कोणता विचार अंथरुणात सोबत न्यायचा आणि कोणाची सोय आधीच दुसरीकडे लावायची, एवढं मात्र आपल्या हातात असतं. ते कसं करायचं, ते पायरीपायरीने सांगते.

सुरुवातीला: हे विचार रात्रीच का गाठतात?

दिवसभर डोळ्यांना, कानांना, हातांना काहीतरी काम असतं. अंधारात ते थांबतं, पण मेंदू थांबत नाही. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की हातात विशेष काम नसतानाही मेंदूचे काही भाग जोमाने चालू असतात. पुढच्या संशोधनातून कळलं, की स्वतःविषयीचे, गेलेल्या दिवसांचे आणि येणाऱ्या दिवसांचे विचार याच भागांशी जोडलेले आहेत. त्यामुळे पडल्या पडल्या भूतकाळ आणि उद्याची यादी समोर उभी राहिली, तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही.

दुसरं, निरोगी माणसाला डोळा लागायला साधारण १० ते २० मिनिटं लागतात. उशीला डोकं टेकताक्षणी रोज झोप लागत असेल, तर बहुतेक वेळा झोपेची थकबाकी साचलेली असते. म्हणजे ही दहा-वीस मिनिटं प्रत्येकाच्या वाट्याला येणारच.

पहिली पायरी: आपले विचार ओळखा

तीन-चार दिवस सकाळी उठल्यावर एका ओळीत लिहून ठेवा: काल झोपताना डोक्यात काय घोळत होतं? रात्री लिहू नका, सकाळीच लिहा. चौथ्या दिवशी ओळी वाचल्या की लक्षात येतं, आपले विषय मोजकेच आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. कुणाचा भर कामांच्या यादीवर असतो, कुणाचा काळजीवर, कुणाचा जुन्या बोचणाऱ्या आठवणींवर. काहीजण मनातल्या मनात भांडत असतात. या सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही, म्हणून ही ओळख आधी हवी.

दुसरी पायरी: राहिलेली कामं कागदावर उतरवा

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२७ मध्ये मांडलं, की पुरं झालेलं काम मनातून निघून जातं आणि अर्धवट राहिलेलं आठवत राहतं. रात्री नेमकं हेच छळतं. विसरू नये म्हणून मन प्रत्येक काम दर काही मिनिटांनी पुन्हा पुढे करत राहतं. ते लक्षात ठेवायची जबाबदारी कागदाने घेतली, की मनाचा हट्ट कमी होतो.

यावर एक नेटका प्रयोग झाला आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांच्या गटाने ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. त्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी झालेल्या कामांची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. त्यातही ज्यांनी कामं जास्त तपशिलाने लिहिली, ते अधिक लवकर झोपले.

मला यातली तपशिलाची गोष्ट फार मोलाची वाटते. ‘घराचं बघायचं’ असं लिहिलं तर ते काम डोक्यातच राहतं, कारण नक्की काय बघायचं हे अजून ठरवायचं बाकी असतं. ‘उद्या सकाळी अकराच्या आत घरमालकांना फोन करून गळतीबद्दल विचारायचं’ असं लिहिलं की ते डोक्यातून उतरतं. म्हणून प्रत्येक कामापुढे पहिलं पाऊल आणि वेळ लिहा. झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास, टेबलाशी बसून, पेनाने लिहा. फोनवर लिहायला घेतलं की बाकीचे निरोप दिसतात आणि यादी वाढत जाते. लिहून झालं की वही मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा. उशाशी मात्र एक कोरा चिठोरा आणि पेन्सिल असू द्या. अंधारात एखादं काम आठवलंच, तर दोन शब्द खरडायचे आणि कूस बदलायची.

तिसरी पायरी: काळजीला संध्याकाळची वेळ द्या

काळजी यादीत मावत नाही. आईच्या तपासणीचा अहवाल काय येईल, मुलाचं कसं होईल, नोकरी टिकेल का, याला ‘उद्या अकरा वाजता’ असं उत्तर नसतं. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यासाठी एक पद्धत मांडली: काळजी करण्यासाठी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास राखून ठेवायचा. दिवसात इतर वेळी काळजी आली, तर तिला त्या अर्ध्या तासापर्यंत थांबवायचं.

वाचायला विचित्र वाटेल, पण करून पाहा. वेळ संध्याकाळची घ्या, झोपेच्या अगदी तोंडावर नको. जागा पलंगाची नसावी. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे काळजी, उजवीकडे त्यातलं आपल्या हातात असलेलं काही. उजवी बाजू कोरी राहिली तर राहू द्या. तेही एक उत्तरच आहे. रात्री तीच काळजी पुन्हा आली, की तिला सांगायचं, ‘तुझं ऐकलंय, उद्या साडेसहाला पुन्हा बसू.’ पहिले काही दिवस ती ऐकत नाही. मीही तिसऱ्याच दिवशी हे सोडून देणार होते. दोन आठवडे चिकाटीने केलं तेव्हा फरक जाणवू लागला.

चौथी पायरी: अंथरुणात विचार ढकलू नका

डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि केलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. जो विचार नको, तो आला का हे तपासण्यासाठीसुद्धा मनाला त्याची आठवण ठेवावी लागते.

जुन्या लाजिरवाण्या आठवणींच्या बाबतीत हे मी फार अनुभवलं आहे. ‘ते नको आठवायला’ म्हटलं की आणखी तीन प्रसंग त्याच्या मागोमाग येतात. त्यापेक्षा आठवणीला नाव द्या: ‘हा तो समारंभातला प्रसंग.’ नाव दिलं, ओळख पटली, की लक्ष पुढच्या पायरीकडे वळवा. तिची कारणमीमांसा अंथरुणात करायला बसू नका. मनातल्या भांडणांचंही तसंच. सवाल-जवाब सुरू झाले की श्वास चढतो, जबडा आवळला जातो आणि शरीर भांडणाच्या तयारीला लागतं. खरंच बोलायचं असेल, तर एक वाक्य चिठोऱ्यावर लिहा. ते सकाळी वाचूनही बोलावंसं वाटलं, तर बोला.

पाचवी पायरी: शब्दांकडून चित्रांकडे वळा

सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वात महत्त्वाची वाटते. काळजी आणि नियोजन प्रामुख्याने शब्दांत चालतं: ‘असं झालं तर? मग तसं करावं लागेल. पण मग…’ एका वाक्यातून दुसरं निघतं आणि साखळी लांबत जाते. झोप जवळ येते तेव्हा मात्र मनात वाक्यांपेक्षा चित्रं जास्त येऊ लागतात.

ॲलिसन हार्वी आणि सुझॅना पेन यांनी २००२ मध्ये निद्रानाश असलेल्या ४१ जणांचे तीन गट केले. एका गटाला एखाद्या रम्य, निवांत प्रसंगाचं चित्र डोळ्यांसमोर उभं करायला सांगितलं, दुसऱ्याला नुसतं ‘विचारांवरून लक्ष हटवा’ असं सांगितलं, आणि तिसऱ्याला काहीच सूचना दिली नाही. चित्र उभं करणाऱ्यांना काहीच सूचना न मिळालेल्यांपेक्षा लवकर झोप लागली आणि त्यांना त्रासदायक विचारही कमी आले.

चित्र कोणतं घ्यायचं? ज्यात काही ठरवायचं, जिंकायचं किंवा पुरं करायचं नाही असं. ओळखीची पायवाट, नदीचा काठ, लहानपणी पाहिलेलं एखादं घर. तिथून सावकाश चाला. पायाखालची माती ओली आहे की कोरडी? वारा कुठून येतोय? कसला वास येतोय? तपशील जितका जास्त, तितकी शब्दांना जागा कमी. स्वप्नातलं घर बांधायचा खेळही अनेकजण खेळतात आणि तो चांगला आहे. पण मन खर्चाच्या हिशेबाकडे वळलं, तर तिथून निघून पायवाटेवर या. एकच जागा रोज वापरली तर हळूहळू मनाला तिथे जायची सवय लागते.

चित्र टिकत नसेल, तर दुसरा प्रकार करा. लूक बोडवां या कॅनडातल्या संशोधकाने सुचवलेली ही युक्ती मराठीतही छान चालते. एक साधा शब्द घ्या, समजा ‘कागद’. आता ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू एकेक करून आठवा आणि प्रत्येक वस्तू काही क्षण डोळ्यांसमोर पाहा: कंदील, कबुतर, कपाट, कळशी. सुचायचं थांबलं की ‘ग’: गवत, गरुड, गालिचा, गच्ची. मग ‘द’: दगड, दोरी, दरवाजा. ‘ळ’ किंवा ‘ण’ आलं तर सरळ पुढे जा. वस्तूंचा एकमेकींशी संबंध नसणं हेच इथे कामाचं आहे, कारण कबुतर आणि कपाट यांतून काळजीची साखळी जुळत नाही. शब्द मोजू नका, चांगला शब्द शोधत बसू नका. मेंढ्या मोजण्यापेक्षा हे मला जास्त उपयोगी वाटतं. आकड्यांचं काम इतकं सोपं असतं, की त्याच्या आडून काळजी चालूच राहते.

सहावी पायरी: ‘झोप का येत नाही’ या विचाराचं काय?

घड्याळ भिंतीकडे फिरवा, फोन हाताबाहेर ठेवा. किती वाजले हे कळलं की ‘आता पाचच तास उरले’ हा हिशेब सुरू होतो आणि काळजीत आणखी भर पडते. झोपायचा प्रयत्न जितका नेटाने करावा तितकी ती लांब पळते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांतून आलेला एक उलटा उपाय वापरतात: अंधारात पडून, डोळे अलगद उघडे ठेवून, जागंच राहायचं ठरवायचं. झोपायचं ओझं उतरलं की पुष्कळदा पापण्या आपोआप जड होतात.

अंदाजाने वीस मिनिटं झाली आणि तळमळ वाढतेय असं वाटलं, तर उठा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा नियम आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरतात. दुसऱ्या जागी मंद उजेडात काहीतरी संथ करा, कपड्यांच्या घड्या घाला, वाचलेलंच पुस्तक पुन्हा वाचा, आणि झापड आली की परत या. असं केलं की पलंग म्हणजे तळमळ हे मनातलं समीकरण हळूहळू सुटतं. उठण्याची वेळ मात्र सकाळी रोजचीच ठेवा.

कॉफी-चहाबद्दल थोडक्यात: शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर जपून.

हे पुरेसं नसेल तेव्हा

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ झोपेचा त्रास होत असेल आणि दिवसही त्यात वाया जात असेल, तर डॉक्टरांना भेटा. निद्रानाशासाठी विचार आणि सवयींवर काम करणारी खास उपचारपद्धती आहे. दीर्घकाळच्या निद्रानाशात आधी तीच द्यावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांत अस्वस्थ वळवळ होणं यांवर वेगळा इलाज लागतो. आणि रात्रीचे विचार ‘जगण्यात अर्थ नाही’ इथवर जात असतील, तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या कुणाला तरी उठवा, सांगा, मदत मागा.

झोप आली हे कसं ओळखायचं?

काही वेळाने चित्र आपलं आपण बदलू लागतं. पायवाटेवर कपाट उभं दिसतं, कुणीतरी अर्धवट वाक्य बोलतं आणि ते बरोबरही वाटतं. जागेपण आणि झोप यांच्या सीमेवरच्या या चित्रांचा अभ्यास फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेद मोरी यांनी १८४८ मध्येच केला होता. ‘आता मला झोप लागतेय’ असं म्हणून ती तपासायला गेलात, तर पुन्हा पूर्ण जाग येते. कपाट उभं असेल तर असू द्या, त्याच्या शेजारून पुढे चाला. कधी पायरी चुकल्यासारखं अंग दचकतं. तेही नेहमीचंच आहे, घाबरू नका. पांघरूण सारखं करा आणि वाट जिथे सुटली होती तिथून पुन्हा धरा.