एकटेपण, बोली आणि गाणं : घरच्या घरी वाचन-बैठक कशी चालवावी

या बैठकीचा मुख्य नियम एकच : आधी शब्द, मग चाल. गाणं झालेली कविता बहुतेकांना चालीसकट पाठ असते. आधी गाणं लावलं की पुढचा तासभर मंडळी चालीवर आणि गळ्यावर बोलतात, कवितेकडे कुणी फिरकत नाही. म्हणून महिन्यातून एकदा दोन तास जमायचं, एकटेपणावरचं काहीतरी मोठ्यानं वाचायचं, त्यात आपल्या मुलखाची, म्हणजे विदर्भाची, बोली आणायची आणि गाणं शेवटी लावायचं.

१. माणसं, जागा आणि कूलर

सात ते दहा माणसं पुरेत. बारांच्या वर गेली की तिघं-चौघं नुसती ऐकून घरी जातात आणि पुढच्या महिन्यापासून येत नाहीत. वयाची सरमिसळ असू द्या. साठीपुढची दोन माणसं तरी हवीत, कारण जुनी गाणी त्यांच्याकडेच आहेत.

नागपुरातली खरी अडचण कूलरची. एप्रिल ते जूनमध्ये तो लावल्याशिवाय बसवत नाही आणि लावला की चार हातांवरचा वाचणारा ऐकू येत नाही. वाचणारा आवाज चढवतो आणि हळवं पानही भाषणासारखं वाटू लागतं. उन्हाळ्यात बैठक सकाळी सात ते नऊ ठेवा. ते जमत नसेल तर तासभर आधी खोली गार करून घ्या, वाचनापुरता कूलर बंद करा आणि गप्पांच्या वेळी पुन्हा लावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी संध्याकाळी बिनधास्त बसा.

तर्री-पोहे शेवटी. आधी दिले तर तर्रीचे हात पुस्तकाला लागतात आणि पानावरचा तेलाचा डाग काही केल्या जात नाही.

२. तीन गोष्टींची निवड

दर महिन्याला तीनच गोष्टी : दहा-बारा पानं गद्य किंवा नाटक, गाणं झालेली एक कविता आणि आपल्या भागातलं एक लोकगीत. कादंबरी अख्खी वाचून या, असं सांगू नका. निम्मे वाचून येत नाहीत आणि मग ओशाळून गप्प बसतात.

गद्यासाठी उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) सुरुवातीला उत्तम. नवरा, लेकरं, शेजार असं सगळं असूनही नायिका कौतिक एकटी पडत जाते आणि संवाद वऱ्हाडीत असल्यामुळे मोठ्यानं वाचताना ते पान अंगावर येतं. एकटेपणाची पुस्तकं म्हटलं की लोक शहरातला, खोलीत कोंडलेला तरुण शोधतात. भरल्या घरातलं एकटेपण आधी वाचा, चर्चेला कितीतरी जास्त वाव मिळतो.

दुसऱ्या महिन्यात महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. नाटक असल्यानं भूमिका वाटून देता येतात आणि लाजणारा माणूसही दोन वाक्यं वाचून जातो. वाड्यातल्या माणसांची वऱ्हाडी वळणाची बोली आणि मुंबईहून आलेल्या अंजलीची मराठी यांतलं अंतर नुसत्या डोळ्यांनी वाचताना निसटतं. अंजलीचे संवाद प्रमाण भाषा सहज बोलणाऱ्याकडे द्या आणि आईचे, वहिनीचे खेड्यात वाढलेल्या कुणाकडे.

कवितेसाठी नागपूरकरांना लांब जावं लागत नाही. ग्रेस (1937–2012) इथलेच. सुरेश भट (1932–2003) जन्माने अमरावतीचे असले तरी नागपूरचेच झाले. मात्र दोघांची कविता एकाच पद्धतीनं चालवू नका. भटांच्या गझलेत प्रत्येक शेर स्वतःच्या पायावर उभा असतो. गाण्यात दोन शेर गळले तरी उरलेले अर्थाला उणे पडत नाहीत. ग्रेस यांच्या कवितेत एका कडव्यातली प्रतिमा पुढच्या कडव्यात वेगळं रूप घेऊन येते, त्यामुळे कडवं गाळलं की कवितेचा रंगच बदलतो. पहिल्या दोन बैठकींना गझल घ्या, ग्रेस तिसऱ्या वेळी.

लोकगीत ऋतूप्रमाणे ठेवा. पोळ्याच्या आसपास झडत्या, म्हणजे पोळ्याला बैलांसमोर म्हणतात त्या ओळी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी. सासर-माहेराच्या ओढीत सासुरवाशिणीचं एकटेपण हसतखेळत येतं, आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखण्याचा खेळ बैठकीतही खेळता येतो. दसऱ्याच्या सुमारास भीमगीतं घ्या. ती कोरसनं गायची गाणी आहेत. लागोपाठ दोन-तीन महिने उदास पानं वाचल्यावर सगळ्यांनी मिळून गाण्याची गरज असतेच. त्याच दिवसांत दीक्षाभूमीभोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात, वर्षाची खरेदी तिथेच करून टाका.

दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं सुरू होतात. वडसा भागात जाऊन एक बघाच, गाणी समोर वाजत्या साथीवर होतात. मात्र नाटक रात्रभर चालतं, दुसऱ्या दिवशी बैठक ठेवू नका.

३. वाचन

तीनशे शब्दांचं एक पान मोठ्यानं, नीट वाचायला अडीच मिनिटं लागतात. दहा पानं म्हणजे पंचवीस मिनिटं. त्यापुढे ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. एकानं तीन पानांहून अधिक वाचू नये. आपली पानं त्यानं घरी एकदा मोठ्यानं वाचून यावीत.

सगळ्यात जास्त बिघडते ती बोली. वऱ्हाडी वाक्य आलं की वाचणारा नकळत विनोदी सूर लावतो, कारण टीव्हीवर ही बोली हसवण्यापुरतीच ऐकू येते. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिली’ असं आलं की खसखस पिकते आणि कौतिकचं दुःख तिथेच वाहून जातं. उपाय असा : पहिली दोन पानं ज्याची ती घरची बोली आहे त्यानं वाचावीत, वाक्याच्या शेवटी आवाज न उंचावता. बाकीच्यांना मग सूर सापडतो. ळ चा य होतो तिथे छापल्याप्रमाणेच वाचा, सुधारू नका. तसंच वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडीबोली यांची खिचडी करू नका. बसलेल्यांपैकी कुणाला तरी फरक कळतोच.

४. गाणं

गाणं आधीच डाउनलोड करून ठेवा. ऑनलाइन लावलं तर ध्रुवपद संपताच जाहिरात येते. फोन एअरप्लेन मोडवर, लहान स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे. जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवला की आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत.

दोनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा हातात कविता घेऊन, पेन्सिलीनं तीन खुणा करत : कोणती कडवी गाण्यात आली नाहीत, कोणती ओळ परत परत घेतली, आणि कुठे चालीसाठी शब्द ताणला. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढची सगळी चर्चा या खुणांवर उभी राहते. संगीतकारानं कडवं का गाळलं असेल, यावर नागपूरकर अर्धा तास सहज भांडतात.

५. चर्चा

बोलायचं ते पात्राबद्दल आणि ओळीबद्दल. “तुम्हाला कधी एकटं वाटतं का?” हा प्रश्न विचारू नका. माणसं अवघडतात, किंवा एकच जण सगळा वेळ घेतो. कुणी आपणहून बोललं तर ऐका. “योगा करा, देवळात जा” असले सल्ले देऊ नका. बोलण्यात जगण्याचाच कंटाळा दिसला तर बैठकीनंतर त्या माणसासोबत थांबा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा निःशुल्क नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

६. गाणी टिपून ठेवणं

आजी-काकूंनी म्हटलेलं गाणं त्याच दिवशी टिपा. आधी परवानगी घ्या. पंखा-कूलर बंद, फोन गाणारीपासून हातभर अंतरावर मऊ कापडावर. स्टीलच्या ताटाजवळ ठेवलात तर बांगड्यांचा आणि ताटाचाच आवाज येतो. मध्येच “हे चुकलं का?” म्हणून थांबवू नका, दुवा तुटला की पुढची ओळ आठवत नाही. पूर्ण म्हणून झालं की पुन्हा म्हणायला सांगा, दुसऱ्या खेपेला हमखास एखादं कडवं वाढतं. दोन्ही ठेवा. वहीत जसं ऐकलं तसंच लिहा. खाली माहेरचं गाव आणि तालुका. माहेरचं महत्त्वाचं, कारण गाणी बहुधा तिथून आलेली असतात.

निघण्यापूर्वी पुढच्या महिन्याची तीन नावं ठरवा आणि वाचणाऱ्यांना पानं वाटून द्या. पुस्तक कुणी नेलं ते वहीत त्याच्याच हातानं लिहून घ्या, नाहीतर ‘धग’ची प्रत दरवर्षी नवी आणावी लागेल.