पियानो ट्रिओ ऐकायचाय? मग पियानो थोडा बाजूला ठेवा

जॅझ पियानिस्ट विजय अय्यरच्या ट्रिओचा (पियानो, डबल बास, ड्रम्स असे तिघं) 'कम्पॅशन' हा अल्बम फेब्रुवारी 2024 मधे ईसीएम या रेकॉर्ड लेबलवर आला तेव्हापासून मी तो भेटेल त्याला पाठवतोय, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, छान आहे पण काय चाललंय ते कळत नाही. कळतं हो, फक्त सुरुवात चुकते.

आधी एक, मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको. डबल बास त्यात ऐकूच येत नाही, म्हणजे तिघांतला एक जण गेलाच की. साधे इअरफोनही चालतील.

बारा ट्रॅक आहेत, पण पहिल्यापासून लावू नका, थेट 'ओव्हरजॉयड' लावा. त्याच्याही आधी स्टीव्ही वंडरचं 1985 चं मूळ गाणं दोनतीनदा ऐका, चाल गुणगुणता आली पाहिजे. मग अय्यरचं लावायचं आणि मनात मूळ चाल चालू ठेवायची, कुठे तो चालीला धरून आहे आणि कुठे सोडून निघाला ते आपोआप कळायला लागतं. (2021 मधे जॅझ पियानिस्ट चिक कोरिया गेले, त्यांच्या आठवणीत हे वाजवलंय, ते माहीत असलं की आणखी आत जातं.) आपल्याला आवर्तनाची सवय आहे ना, तीच इथे वापरा. चाल एकदा संपली की बहुतेक वेळा तेवढ्याच मात्रा परत फिरतात आणि सोलो त्यावरच चालतो, फक्त समेवर कोणी दणकन येऊन दाखवेलच असं नाही, त्यामुळे हाताने मोजत बसा, लाज नको.

दुसऱ्यांदा फक्त लिंडा मे हान ओ, म्हणजे डबल बास ऐका. पियानो कितीही लांब गेला तरी तिला सोडायचं नाही. माझ्यासाठी दार इथेच उघडलं, कारण ती मागे साथ करत नाहीये, ती पियानोशी बोलतेय, मधेच त्याचं वाक्य पूर्ण करतेय. तिसऱ्यांदा ड्रमर टायशॉन सोरी. 2024 चं संगीताचं पुलित्झर त्याला मिळालं ते ड्रम्ससाठी नाही, कंपोझिशनसाठी, आणि वाजवतानाही ते जाणवतं, कुठे वाजवायचं नाही हे त्याला पक्कं माहीत असतं.

मग शेवटचा ट्रॅक. त्यात जॅझ पियानिस्ट जेरी अ‍ॅलनचं 'ड्रमर्स साँग' आहे, आणि तेच याच तिघांनी आधीच्या 'अनीझी' अल्बममधेही वाजवलंय. ते डिसेंबर 2019 चं रेकॉर्डिंग, हे 2022 चं. दोन्ही लागोपाठ ऐका, निदान एक रविवार द्याच. तीच रचना, तेच लोक, आणि आता एकमेकांवर किती भरवसा टाकतायत बघा.

याच अल्बममधला 'नोना' मात्र पहिल्या दिवशी नको. सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेलची रचना आहे, तुटक, टोकदार, आठवडाभराने लावा आणि तेव्हाही बासपासूनच सुरू करा.