वाडीची लोकसंख्या आणि इतिहास कसा काढायचा

संगमेश्वर तालुक्यात मास्तरकी केली. मास्तर म्हणजे जनगणनेचा हक्काचा प्रगणक, म्हणून पोरं अजून विचारतात, "गुरुजी, आमच्या वाडीची लोकसंख्या किती?" जनगणनेत वाडी सापडणार नाही. तिथे महसुली गाव असतं. वरची, खालची, गुरववाडी, सगळ्यांची मिळून एकच ओळ. ती ओळ जिल्हा जनगणना पुस्तिकेतून आधी उतरवून घ्या. सिंधुदुर्गवाल्यांनी जिल्हा वेगळा व्हायच्या आधीचं रत्नागिरीत बघावं, तो १९८१ साली वेगळा झाला.

मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ मागा. घरपट्टीच्या त्या वहीत वाडीची घरं कळतात. पण कोकणात घर आहे म्हणजे माणूस आहे असं नाही, निम्म्या दारांना कुलूप. राहती माणसं आशाताईंच्या कुटुंब-नोंदीत मिळतील. मतदार यादीवर विसंबू नका. पोरं त्यात नसतात, आणि कांदिवलीला राहणारे असतात.

सगळ्यात बोलकी वही मुंबई मंडळाची, म्हणजे मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाची. वर्गणी चुलीमागे, म्हणजे कुटुंबागणिक असते, बंद घराचीही येते. म्हणून दोन आकडे मांडा: वाडीत राहणारे आणि वाडीचे म्हणवणारे. मोजणीचा महिनाही लिहा. गणपतीत मोजलीत तर वाडी भरलेली दिसेल. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, चाकरमानी मुंबईत मोजले गेले. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि २००१ च्या १६.९७ लाखांवरून जिल्हा १६.१५ लाखांवर आला होता.

इतिहासासाठी म्हाताऱ्या माणसांकडे बसा, पण साल विचारू नका. "आजी, हे घर कधी बांधलं?" म्हटलं की "काय म्हायत बाबा" एवढंच येतं. "भूकंपाच्या रात्री घरावर कौलं होती की गवत?" असं विचारा. "गवत! कौलं तर धाकट्याच्या लग्नात चढली," असं काहीतरी लगेच निघतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. घर त्याआधीचं आणि कौलं नंतरची, एवढं पक्कं झालं. त्याच्याही मागे जायचं तर रामदास बोट बुडाली तो १७ जुलै १९४७ धरा. अलीकडचं विचारायचं तर कोकण रेल्वे, १९९८.

शिमग्याला पालखी कोणत्या घरी आधी जाते तेही टिपा. क्रम मानाचा असतो, त्यावरून जुनं घराणं कोणतं याचा अंदाज येतो. अंदाजच हो, मानावरून भांडणंही झालेली असतात, तेव्हा दोन्ही बाजू ऐका.

मग कागद. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव असतं, त्यावरून बाहेरून आलेली कुटुंबं कळतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी कोतवाल वही, मागा. १९१८ ची पानं मिळाली तर मृत्यूंची रांग नीट बघा. ते इन्फ्लुएंझाचं वर्ष. जुनी पानं मोडीत असू शकतात, वाचणारा सोबत न्या. २०२० च्या शासननिर्णयानंतर जातिवाचक वाड्यांची नावं बदलत गेली, म्हणून दोन्ही नावं घेऊन जा, नाहीतर कारकून "अशी वाडीच नाही" म्हणून परत पाठवेल.