ओटो टिकत नाहीत? शेवाळ खाणारा हा छोटा कॅटफिश पाळताना या चुका टाळा

सहा ओटो आणले. पहिल्या दिवशी काचेला चिकटून सगळे कामाला लागले. चौथ्या दिवशी एक दिसेना, सातव्या दिवशी दोघं फिल्टरच्या स्पंजापाशी मेलेले सापडले, आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत एखादाच उरला. पाणी तपासलं तर माशांना विषारी असलेला अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. बाकीचे मासे मजेत. मग हे गेले कशाने?

माझ्या पहिल्या खेपेचं असंच झालं. तेव्हा मी आजार शोधत बसलो होतो. आज मला वाटतं, घरी आलेले बहुतेक ओटो आजाराने मरत नाहीत, भुकेने मरतात. आणि ही भूक आपल्या टाकीत सुरू झालेली नसते, ती आधीपासूनच लागलेली असते.

ओटो म्हणजे ओटोसिंक्लस, दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांमधला जेमतेम 3 ते 4 सेंटिमीटरचा मासा. बाजारात येणारे बहुतेक ओटो अजूनही नदीतूनच पकडलेले असतात. जाळ्यातून साठवणीच्या टाक्यांत, तिथून पिशवीत, मग विमानाने आयातदाराकडे आणि शेवटी दुकानात. या प्रवासात त्यांच्या तोंडी लागेल असं शेवाळ कुठेच नसतं. दिवसभर थोडंथोडं खरवडून खाणारा हा प्राणी अनेक दिवस उपाशी राहतो. इतक्या उपासाने पोटातले पचनाला मदत करणारे जिवाणूही कमी होतात, म्हणून पुढे खायला मिळालं तरी काही मासे सावरत नाहीत, असं या छंदातले जुने लोक मानतात.

पाठ बघून मासा निवडू नका, पोट बघा

दुकानात सगळे वरून बघतात. वरून ओटो नेहमी चांगलाच दिसतो. तो समोरच्या काचेला चिकटेपर्यंत थांबा आणि खालच्या बाजूने बघा. तोंडाची गोल चकती हलत असेल, आणि कल्ल्यांच्या मागे पोट पांढरं, तांदळाच्या दाण्यासारखं भरीव असेल तर तो मासा खातोय. पोट सपाट असेल तर विचार करा. आत ओढलेलं, दोन्ही बाजूंनी खळगा पडलेलं दिसलं तर तो मासा, कितीही दया आली तरी, पहिल्यांदाच ओटो पाळणाऱ्याने घेऊ नये. अंगावरचा काळा पट्टा फिका पडलाय का, शेपटी फाटलीय का, हेही बघा.

दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हे कधी आले? काल आले असतील तर आज घेऊ नका. दोन आठवडे तिथे तगलेले मासे घ्या. तोवर कमकुवत असतील ते गेलेले असतात, हे ऐकायला वाईट वाटतं पण खरं आहे.

आणि घेताना तो ओटोच आहे ना, याची खात्री करा. लहानपणी सगळेच चिकटणारे मासे सारखे वाटतात. साधा सकर पुढे हातभर वाढतो, आणि चायनीज अल्गी ईटर मोठा झाला की इतर माशांच्या अंगावर धावून जातो.

नवीन टाकीतलं तपकिरी शेवाळ हा सापळा आहे

खूप ओटो याच चुकीने मरतात, म्हणून इथे थोडं थांबतो. नवी टाकी लावली की पहिल्या काही आठवड्यांत काचेवर, पानांवर, दगडांवर तपकिरी थर चढतो. हे डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. ओटोंना ते फार आवडतं. कोणीतरी सांगतं, ओटो आण, चार दिवसांत साफ करतील. आणि ते खरंच करतात. पाचव्या दिवशी टाकी चकचकीत, आणि माशांच्या तोंडाला खायला काहीच नाही. शिवाय नव्या टाकीत फिल्टरमधले, ही विषं पचवणारे जिवाणू पुरते बसलेले नसतात, त्यामुळे अमोनिया आणि नायट्राइट वर-खाली होत राहतात. एकीकडे भूक, एकीकडे विष.

म्हणून टाकी किमान तीन महिने चालू द्या. ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवायचं वाळकं लाकूड), रुंद पानांच्या वनस्पती आणि दगड असू द्या, त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा बुळबुळीत थर बसतो. ओटो खातो तो मुख्यतः हाच, त्यातलं शेवाळ आणि सूक्ष्मजीव. बोट फिरवल्यावर लाकूड बुळबुळीत लागलं तर टाकी तयार होतेय. मागची आणि बाजूची काच घासायची सवय असेल तर ती सोडा. समोरची तेवढी पुसा.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. काळं दाढीसारखं शेवाळ, लांब धाग्यांचं शेवाळ, काचेवरचे टणक हिरवे ठिपके यांना ओटो हात लावत नाहीत. त्यासाठी त्यांना आणलं तर शेवाळ राहील आणि ओटो जातील.

'शेवाळ आहे, वेगळं खाणं कशाला?'

लागतंच. काकडी किंवा झुकिनीची चकती, पालकाचं पान उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं टाकून मऊ करा, गार करा आणि स्टीलच्या काट्याला खोचून तळाशी ठेवा. चोवीस तासांच्या आत काढून टाका, नाहीतर पाणी बिघडतं.

गंमत अशी की नदीतून आलेल्या ओटोला काकडी हे अन्न आहे हे माहीतच नसतं. पहिले तीन-चार दिवस तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आपण चिडून ती देणं बंद करतो, आणि चूक नेमकी तिथेच होते. रोज ठेवत राहा. एक जण चिकटला की बाकीचे मागोमाग येतात. शेवाळाच्या चकत्या देत असाल तर दिवा मालवण्याच्या सुमारास द्या, नाहीतर इतर मासे ओटो पोचण्याआधी फडशा पाडतात.

माझा सर्वांत भरवशाचा उपाय मात्र दगडांचा. एका बादलीत टाकीचंच पाणी घ्या, त्यात हाताच्या मुठीएवढे पाच-सहा गुळगुळीत दगड ठेवा आणि बादली उन्हात राहू द्या. काही दिवसांनी दगडांवर मऊ हिरवा थर चढतो. दोन दगड टाकीत, बाकीचे बादलीत, आणि पुसून निघाले की अदलाबदल. उपाशी आलेला ओटो काकडी ओळखणार नाही, पण असा दगड लगेच ओळखतो. पहिल्यांदा ठेवला तेव्हा दहा मिनिटांत तिघं जण त्यावर बसले होते, आणि काचेला नाक लावून बघितलं तर त्यांच्या तोंडामागे हिरव्या थरात बारीक, स्वच्छ रेघा उमटत होत्या. मासे आणण्याच्या दोन आठवडे आधी बादली भरा.

पिशवी फोडताना

जवळच्या दुकानातून अर्ध्या-पाऊण तासात आणले असतील तर बारीक नळीने थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत तासभरात सवय लावा. पण कुरिअरने दीड-दोन दिवस बंद पिशवीत आले असतील तर हीच पद्धत घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप) खाली आलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि उघडल्यावर मासे झटपट हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. जाळीऐवजी छोटा पेला वापरा, त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात.

बाकी पाण्याचं

तापमान 22 ते 26 अंश, पीएच साडेसहा ते साडेसातच्या आसपास स्थिर. दर आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदला, एकदम अर्धी टाकी नको. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं जंतुनाशक) असेल तर फक्त क्लोरीन मारणारं द्रावण पुरत नाही, कारण क्लोरामाइन तुटलं की अमोनिया सुटतो. अमोनियाही बांधणारं द्रावण घ्या.

किमान सहा जण एकत्र ठेवा. एकटा ओटो पानामागे दबून बसतो, खायला बाहेर येत नाही. मोठ्या तोंडाचे मासे सोबत नकोत. ओटो गिळला गेला तर त्याचे काटे घशात अडकून दोघंही मरू शकतात.

एखादा मेला तर

आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. मग उरलेल्यांची पोटं बघा. पोटं भरलेली असतील तर घाबरू नका, आणलेला एखादा आधीच खंगलेला असतो. सगळ्यांचीच आत गेली असतील तर औषध नको, खाणं वाढवा. विशेषतः तांबं असलेली औषधं आणि भरमसाट मीठ टाळा. अंगावर हाडांचं चिलखत असलं तरी हे मासे औषधांच्या बाबतीत नाजूक आहेत.

मधूनच एखादा ओटो सुसाट वर जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड मारून परत येतो. तो हवा गिळत असतो, अन्ननलिकेच्या एका पिशवीतून त्याला ती वापरता येते. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी हे चालतं. पण सगळेच दर मिनिटाला वर जात असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. फिल्टरची धार पृष्ठभागावर आपटेल अशी वळवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावा आणि तापमान बघा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

गेलेल्याच्या जागी लगेच नवे आणू नका. उरलेल्यांची पोटं सलग महिनाभर भरलेली दिसली, बादलीतले दगड पुन्हा हिरवे झाले, की मग दुकानात जा.