ट्रकचा पंखा बदलण्यापूर्वी क्लच तपासा

इंजिन थंड ठेवणारा, त्याच्याच पट्ट्यावर चालणारा पंखा काढून विजेवर चालणारा बसवला की इंधन वाचते, हे खरे असले तरी प्रत्येक ट्रकला ते लागू पडत नाही. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती ८ पट लागते. त्यामुळे क्लच (गरजेनुसार पंखा इंजिनाशी जोडणारा आणि सोडणारा भाग) नसलेला यांत्रिक पंखा मोकळ्या रस्त्यावर, जिथे समोरून येणारा वारा पुरेसा असतो, तिथेही इंजिनाची ताकद उगाच खात राहतो. मात्र १२ व्होल्टवर ३० अँपिअर घेणाऱ्या विद्युत पंख्याला जेमतेम अर्धी अश्वशक्ती मिळते, तर अवजड ट्रकचा मोठा पंखा पूर्ण जोडला गेल्यावर दोन आकडी अश्वशक्ती वापरतो. पूर्ण भाराने संथ घाट चढताना हा फरक थेट तापमानाच्या काट्यावर दिसतो. म्हणून हलक्या वाहनाला विद्युत पंखा आणि अवजड ट्रकला क्लचचा यांत्रिक पंखा, हीच निवड मला योग्य वाटते.

बदलाचा खर्च करण्याआधी व्हिस्कस क्लच (आतल्या घट्ट तेलाच्या आधारे पंखा फिरवणारा क्लच) जरूर तपासावा. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवावा: थोडा विरोध जाणवला तर ठीक, पण तो सैल गरगर फिरत राहिला किंवा क्लचभोवती तेलाचे ओघळ दिसले, तर बहुधा दोष पंख्याच्या प्रकारात नसून क्लचमध्ये आहे. विद्युत पंखा मात्र इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे त्याला हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी.