कृष्णाकाठनं सायकल: सांगलीतनं गाड्या टाळून कसं निघायचं

आधीच सांगतो, सांगलीत नदीला लागून सायकलींसाठी सलग ट्रॅक शोधत बसू नका. घाट आहेत, मळ्यातले रस्ते आहेत, कॅनॉल आहेत, तुकडे तुकडे झकास आहेत, पण ते जोडायचं काम आपलं आपणच करायचं. आणि जोडताना रस्त्याइतकंच घड्याळ बघायचं, कारण जो रस्ता सकाळी सहाला आपला एकट्याचा असतो त्याच रस्त्यावर नऊ वाजता शाळेच्या रिक्षा, दुधाच्या गाड्या आणि ऑफिसवाले सगळे एकदम उतरतात.

पहिल्यांदाच जाणार असाल तर हरिपूरच करा, उगाच लांबचं डोक्यात घेऊ नका. शहरातनं जेमतेम चारेक किलोमीटर, पोरंटोरं घेऊनही होतं. आयर्विन पुलाच्या बाजूनं घाटावर उतरलात तर तिथं सायकल हातात धरून चाला, पोहायला आलेल्यांची, वॉकवाल्यांची गर्दी असते, पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि आजोबा लोकांना मागनं घंटी मारलेली अजिबात आवडत नाही (बरोबरच आहे त्यांचं). पुढं हरिपूर रस्त्याला लागलात की झाडी, बागेतला गणपती, आणि शेवटी संगमेश्वराचं देऊळ, तिथं वारणा कृष्णेला मिळते. श्रावणातले सोमवार मात्र सोडा, यात्रा असते, सायकल ढकलायलासुद्धा जागा नसते. अजून एक, हरिपूर पूर्वीपासून हळदीच्या पेवांचं गाव, जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यात हळद साठवायची, तेव्हा शॉर्टकट म्हणून कुणाच्या रानातनं सायकल घालायची नाही, रस्त्यानंच जायचं.

आता खरा मुद्दा, लांब जायचं तर पाणंदी, म्हणजे शेतातनं जाणाऱ्या वाटा, वाचायला शिका. मोबाईलवर सॅटेलाईट व्ह्यू उघडला की नदीकडं जाणाऱ्या ढीगभर वाटा दिसतात आणि माणूस खूश होतो, पण यातल्या निम्म्याहून जास्त वाटा उसातनं सरळ नदीला उतरतात आणि मोटरच्या खोलीपाशी नाहीतर जॅकवेलपाशी (नदीचं पाणी उपसायची विहीर) संपतात, कारण त्या शेतकऱ्यानं पाण्यासाठी केल्यात, आपल्या फिरण्यासाठी नव्हे. नदीच्या बरोबरीनं जाणारी वाट कमी, आणि ती असली तरी मध्ये ओढा आडवा येतो. ओढा नदीला मिळतो तिथं काठ खोल कापलेला असतो, त्यामुळं वर पुलापर्यंत जाऊन परत खाली यावं लागतं. म्हणून मॅपवर आधी ओढे बघा, मग ओढ्यावरचे पूल बघा, आणि दोन पुलांच्या मध्ये जो गावातनं गावात जाणारा जुना रस्ता किंवा शिवरस्ता (गावाच्या हद्दीवरचा रस्ता) असेल तो धरा. असा रस्ता नदीपासून थोडा लांब असतो, पण पुढं निघतो. शंका आली की वस्तीवर विचारायचं, "मामा, हितनं पुढं निघतंय का?" एवढंच. "सायकल जाईल की" म्हणाले तर आणखी एक प्रश्न विचारा, चिखल किती हाय. बाकी मॅप ऑफलाईन सेव्ह करून ठेवा.

या पद्धतीनं माझ्या मते सगळ्यात चांगली राईड म्हणजे कर्नाळ, नांद्रे करत ब्रह्मनाळ, जिथं येरळा कृष्णेला मिळते, आणि दम असेल तर पुढं भिलवडी, पूल ओलांडून औदुंबर. दत्ताच्या देवळाचा घाट आणि पलीकडच्या काठाला भुवनेश्वरी, तिथं बसलं की उठवत नाही. हा पट्टा पूर्ण गाडीमुक्त नाहीये, गावात बाईक येणारच, पण हायवेचा ताप नाही. नोव्हेंबर ते मार्च मात्र साखर कारखाने चालू असतात, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, वर स्पीकर, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. त्याला ओव्हरटेक करायचं नाही, समोरनं आला तर आपणच साईडला उतरायचं. त्याच दिवसांत पहाटे नदीवर धुकं असतं, पुढं-मागं लाईट लावल्याशिवाय निघू नका.

पावसाळ्यात काठाच्या वाटा विसरा. आयर्विनपाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि कर्नाळ रोडचा भाग पहिल्यांदा पाण्यात जाणाऱ्यांपैकी आहे. कोयना धरणातनं विसर्ग वाढवल्याची बातमी आली की प्लॅन बदलायचा. पूर नसला तरी काळी माती आहेच, ती चाक आणि फोर्कच्या मध्ये बसते आणि चाक फिरायचंच थांबतं, मग काडीनं उकरत बसा. पाऊस थांबून चार-पाच दिवस कडक ऊन पडू द्या आणि मग जा.

तेव्हा काय करायचं, तर कॅनॉलच्या बाजूचा रस्ता धरायचा. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातनं निघालेला जुना कृष्णा कॅनॉल पलूसच्या बाजूला येतो, मिरजेकडं म्हैसाळ योजनेचे कॅनॉल आहेत. कॅनॉलला चढ जवळजवळ नसतोच, कारण पाणी उताराउतारानंच न्यायचं असतं, म्हणून लोड लावून टूरिंगची प्रॅक्टिस करायला भारी. जिथं बाजूचा रस्ता मुरमाचा आहे तिथं हळू, आणि काठाच्या बाजूनं चालवायचं नाही, कडेला मुरूम सुटा असतो.

सायकल कुठलीही चालते, गिअरची असलीच पाहिजे असं नाही. टायर मात्र जाड हवेत आणि हवा जरा कमी. बाभळीचा काटा इथला खरा शत्रू, बांधावरची बाभळ तोडून पाणंदीतच टाकलेली असते. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, आणि काटा ओढायला छोटा चिमटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतनं बोट हळूच फिरवून मोडलेलं टोक शोधा, नाहीतर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. पाणी दोन लिटर, खायला भडंग, ते सांगलीकराला सांगायला नको.

वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर जोरात पळवायची नाही, उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालत पुढं जायचं, मालक हाक मारतोच.

आणि मगर. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, ही काही अफवा नाही. थंडीत उन्हाला काठावर येऊन पडतात, उन्हाळ्यात काठाला अंडी असतात आणि मादी राखणीला असते. तेव्हा घाट सोडून दुसरीकडं तोंड धुवायला, बाटली भरायला, सायकल धुवायला पाण्यात उतरू नका, चिखलावर रुंद घसरल्यासारखी खूण दिसली तर तिथनं लगेच मागं फिरा, आणि फोटो काढायचाच असेल तर पुलावरनं काढा.