गाडीला हाताने वॅक्स लावताना

वॅक्स लावायचं तर सावलीत, शक्यतो सकाळी. बॉनेटवर तळहात ठेवा. पत्रा गरम लागला तर थांबा, नाहीतर वॅक्स लगेच सुकून चिकटून बसतं. गाडी आधी कार शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी करा. धुळीचे कण राहिले तर पॅडखाली रगडले जाऊन ओरखडे पडतात.

खरी गोम थर पातळ ठेवण्यात आहे. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना दंड मात्र भरून येतात. फोमच्या पॅडवर थोडंसंच घ्या आणि एका वेळी एकच भाग करा: अर्धं बॉनेट किंवा एक दार. थर धुरकट झाला की बोट फिरवून बघा. खालचा रंग लख्ख दिसला तर पुसा. ओशट रेघ उमटली तर अजून थोडं थांबा. पुसायला मायक्रोफायबरच हवं, घडी पालटत राहा. जुना बनियन नकोच, त्याची शिवण चरे पाडते.

काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग पडतात आणि ते काढणं म्हणजे डोक्याला ताप. तिथे आधीच मास्किंग टेप लावा. वॅक्सऐवजी सीलंट, म्हणजे रंगावर बसणारा कृत्रिम संरक्षक थर, लावला असेल तर डब्यावर लिहिलेले तास पाणी लागू देऊ नका. मॅट रंगाच्या गाडीला मात्र साधं वॅक्स लावूच नका.